श्वास मोजणारे मणी

भारतीय ज्योतिषशास्त्रानें काळाचें सर्वांत लहान व्यवहार्य माप माणसाच्या छातींतून घेतलें. निरोगी माणूस स्वस्थ बसला असतां एक श्वास घेऊन सोडण्यास त्याला जेवढा वेळ लागतो, त्याला जुन्या ज्योतिष्यांनीं ‘प्राण’ अथवा ‘असु’ असें नांव दिलें. असे सहा प्राण म्हणजे एक पळ, साठ पळांची एक घटका आणि साठ घटकांचें एक अहोरात्र. हिशेब केला तर दिवसरात्रींत २१,६०० श्वास होतात. आजच्या घड्याळाप्रमाणें मिनिटाला पंधरा. वर्तुळाच्या कलाहि २१,६०० च. तेव्हां एका प्राणांत नक्षत्रमंडळ एक कला पुढें सरकतें, असें सुटसुटीत समीकरण आर्यभटाच्या काळापासून गणितज्ञांच्या हातीं आलें. मात्र या सगळ्या हिशेबाला एक अट आहे. माणूस निरोगी हवा आणि स्वस्थ बसलेला हवा. धांवणारा, रडणारा किंवा तापानें फणफणलेला माणूस ज्योतिष्याच्या उपयोगाचा नाहीं. आणि वैद्याच्या दारांत येतो तो नेमका हाच.

हालत्या आणि त्रासलेल्या शरीराचें माप घ्यावें कसें, व घेतलेल्या मापावर विश्वास ठेवावा किती, हा प्रश्न वैद्यकाला प्रथमपासून छळत आला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत तो दोन फार दूरच्या ठिकाणीं विचारला गेला. डेन्मार्कमध्यें कोपनहेगनच्या प्रयोगशाळांत, व्यायाम करणाऱ्या माणसाच्या मांडींतील धमनींतून किती रक्त वाहतें हें ध्वनीच्या साह्यानें मोजतांना तो पुढें आला. आणि महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला, गडचिरोली जिल्ह्यांतील झोंपड्यांत, आईच्या मांडीवर धापा टाकणाऱ्या मुलाचे श्वास मोजतांना तोच पुढें आला. पहिल्या ठिकाणीं मापांत चूक झाली तर निबंध चुकतो. दुसऱ्या ठिकाणीं चूक झाली तर मूल जातें.

या दोन्ही प्रयत्नांच्या मागें मोठा इतिहास आहे. शार्ङ्गधरसंहितेंत नाडीपरीक्षेचें वर्णन आलें आहे. वाताची नाडी जळू किंवा सर्पासारखी, पित्ताची बेडूक-कावळ्यासारखी उड्या मारणारी, कफाची हंसासारखी मंद, अशा उपमांनीं तीं लक्षणें शिष्याच्या मनावर ठसवीत. ही नाडी मोजली जात नसे, ओळखली जात असे. अनुभवी वैद्याच्या तीन बोटांना जें कळे तें कोणत्याहि यंत्राला कळलें नसतें, हें खरेंच. परंतु दोन वैद्यांचें एकमत झालें नाहीं तर कोणाचीं बोटें खरीं मानावीं, याचा निवाडा करण्याची सोय त्या विद्येंत नव्हती. युरोपांतहि स्थिति निराळी नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभीं पादुआच्या सांतोरिओनें एका दोरीला वजन बांधून लंबक केला. त्याचे हेलकावे रोग्याच्या नाडीशीं जुळेपर्यंत तो दोरी लांब-आंखूड करी आणि शेवटीं दोरीची लांबी टिपून ठेवी. नाडी प्रथमच अशा रूपांत आली कीं, कालची आजच्या शेजारीं ठेवून पाहतां यावी. पुढें १७०७ सालीं सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानें खास नाडी मोजण्यासाठीं घड्याळ करवून घेतलें. तें बरोबर एक मिनिट चाले आणि थांबे. वैद्याला तासांशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्याला एक मिनिट पुरत होतें. हें मिनिट पुढें गडचिरोलींत पुन्हा भेटणार आहे.

तथापि मापाच्या विश्वासार्हतेचा खरा धडा विल्यम हार्वेनें घालून दिला, आणि तोहि चुकीच्या आंकड्यांनीं. हृदयाच्या एका ठोक्याबरोबर किती रक्त बाहेर पडतें हें मोजण्याचें साधन त्याच्याजवळ नव्हतें. त्यानें अंदाज केला आणि तो मुद्दाम फार कमी धरला: एका ठोक्यास अर्धा औंस, किंवा त्याहूनहि कमी. अर्ध्या तासांत ठोके किती? तेहि कमींत कमी एक हजार धरले. वस्तुतः स्वस्थ माणसाचे ठोके तेवढ्या वेळांत दोन हजारांच्या वर जातात, आणि एका ठोक्याला सुमारें सत्तर मिलिलिटर, म्हणजे दोन औंसांहून अधिक रक्त बाहेर पडतें. हार्वेचे दोन्ही आंकडे अशा रीतीनें चुकलेले आहेत. पण त्या चुकलेल्या आंकड्यांनींसुद्धां अर्ध्या तासाला पांचशें औंस रक्त होतें. एवढें रक्त साऱ्या शरीरांत नसतें व खाल्लेल्या अन्नापासून तेवढ्या वेळांत तयारहि होऊं शकत नाहीं. तेव्हां तेंच रक्त फिरून फिरून येत असलें पाहिजे, हें अनुमान अढळ राहिलें. १६२८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांतील हा भाग आजहि वाचण्यासारखा आहे. माप अचूक नव्हतें. पण चूक कोणत्या बाजूला आहे हें मापणाऱ्याला ठाऊक होतें, आणि त्यानें तें आपल्याच विरुद्ध धरलें होतें.

रक्ताचा प्रवाह शरीर न फाडतां प्रत्यक्ष मोजण्यास मात्र आणखी तीन शतकें जावीं लागलीं. स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनींत नळी बसवून रक्त आठ फुटांवर चढतें हें पाहिलें, व १७३३ मध्यें तें छापलें. माणसावर असा प्रयोग सर्रास करणें शक्य नव्हतें. वाट निघाली ती अनपेक्षित दिशेनें. १८४२ सालीं प्रागमध्यें क्रिस्तियान डॉप्लर यानें ताऱ्यांच्या रंगांविषयीं विचार करतांना असें प्रतिपादन केलें कीं, लहरींचें उगमस्थान जवळ येत असेल तर लहरींची कंपनसंख्या वाढलेली भासते व दूर जात असेल तर घटलेली भासते. १८४५ मध्यें हॉलंडांत बाइस बॅलट यानें हें आगगाडीवर पडताळून पाहिलें. धांवत्या गाडीवर तुतारी वाजविणारे बसविले, आणि रुळांच्या कडेला सुरांची पारख असलेले वादक उभे केले. गाडी जवळ येतांना सूर चढतो आणि पुढें जातांना उतरतो, असें त्यांनीं सांगितलें. या प्रयोगांतलें मोजण्याचें यंत्र म्हणजे माणसाचा शिकविलेला कान होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९५० नंतरच्या दशकांत ओसाका विद्यापीठांतील शिगेओ सातोमुरा यानें हेंच तत्त्व माणसाच्या छातीला लावलें. कानाला ऐकूं न येणारा अतिसूक्ष्म ध्वनि कातडीवरून आंत सोडावयाचा. तो वाहत्या रक्तांतील तांबड्या पेशींवरून परततो तेव्हां त्याच्या कंपनसंख्येंत थोडा फरक पडलेला असतो, आणि त्या फरकावरून रक्ताचा वेग निघतो. हा फरक नेमका माणसाला ऐकूं येईल इतकाच असतो. म्हणून आजहि डॉप्लर यंत्रांतून धमनींतलें रक्त प्रत्येक ठोक्याबरोबर ‘सूं, सूं’ असा आवाज करतांना ऐकूं येतें.

वेग कळला म्हणजे प्रवाह कळला, असें मात्र नाहीं. प्रवाह काढण्यास वेगाला धमनीच्या छेदाच्या क्षेत्रफळानें गुणावें लागतें, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणें बदलतें. मांडीच्या मुख्य धमनीचा व्यास जांघेपाशीं सुमारें नऊ-दहा मिलिमीटर असतो. तो मोजतांना अर्ध्या मिलिमीटरची चूक, म्हणजे शेंकडा पांच, झाली तर प्रवाहाच्या आंकड्यांत शेंकडा दहाची चूक उतरते. शिवाय ध्वनीचा किरण रक्ताच्या दिशेशीं जो कोन करतो तोहि हिशेबांत घ्यावा लागतो. यंत्र चालविणारा साठ अंशांचा कोन धरून बसला आणि वास्तविक कोन पासष्ट अंशांचा असला, तर वेग पंधरा टक्क्यांहून अधिक कमी निघतो. हें सारें स्वस्थ निजलेल्या माणसाविषयीं झालें. तो व्यायाम करूं लागला कीं नवी अडचण उभी राहते. मांडी हलते, तिच्यावरचें यंत्राचें टोंक सरकतें, श्वासाबरोबर पोट वरखालीं होतें. स्नायु आंवळला जातो तेव्हां आंतल्या रक्तवाहिन्या चेपल्या जाऊन प्रवाह जवळजवळ थांबतो, आणि स्नायु सैल होतांच तो उसळून येतो. अशा प्रवाहाचें एखाददुसऱ्या ठोक्यावरून घेतलेलें माप म्हणजे भरती-ओहोटीच्या मधल्या एका लाटेवरून समुद्राची उंची सांगण्यासारखें आहे.

यावर संशोधकांनीं जो उपाय काढला तो यंत्रापेक्षां शहाणपणाचा अधिक होता. धांवण्याचा किंवा सायकलीचा नाद सोडून त्यांनीं माणसाला खुर्चीवर बसविलें आणि एकच पाय गुडघ्यांतून पुढें झटकावयास सांगितलें. त्यामुळें काम मांडीच्या पुढच्या स्नायूंपुरतें राहिलें, व जांघेजवळचा भाग, जेथें यंत्र धरावयाचें, तो बराच स्थिर राहिला. याच व्यायामांत १९८५ सालीं अँडरसन व साल्टिन यांनीं शिरेंत थंड द्रव सोडून, तो किती लवकर कोमट होतो यावरून रक्तप्रवाह मोजला होता. १९९७ मध्यें रोडेग्रान यानें ध्वनीचें माप या दुसऱ्या पद्धतीशीं ताडून पाहिलें, आणि दोन्हींचें चांगलें जुळलें. अनेक आकुंचनांची सरासरी काढावयाची, एकाच मापणाऱ्याचा हात ठेवावयाचा आणि माणसाची तुलना शक्यतों त्याच्याच पूर्वीच्या मापाशीं करावयाची, हे त्या कामांतले संकेत ठरले. विश्रांतींत एका पायाला मिनिटास सुमारें तिसरा हिस्सा लिटर रक्त जातें. कष्टाच्या अखेरीस तें पांच-सहा लिटरपर्यंत चढतें. इतकें मोठें अंतर सांगण्यास शेंकडा दहाची चूक आड येत नाहीं. परंतु तरुण व वृद्ध यांच्यांतला शेंकडा पांचाचा फरक त्याच यंत्रानें सांगूं जाणाऱ्याची मात्र तीच चूक दिशाभूल करते. माप विश्वसनीय आहे काय, या प्रश्नाला म्हणूनच सरसकट उत्तर नसतें. तें कशासाठीं घेतलें आहे, हें आधीं विचारावें लागतें.

हीच विचारणा जेथें प्रयोगशाळा नाहीं, वीज नाहीं, आणि मापणाऱ्याला अंकहि पुरते येत नाहींत अशा ठिकाणीं झाली, तेव्हां काय घडलें याची हकीकत गडचिरोलीची आहे. जुना चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, हा एके काळीं वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला अवाढव्य जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वैनगंगेच्या पूर्वेकडचा भाग तोडून गडचिरोली हा निराळा जिल्हा करण्यांत आला. याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग जंगलानें व्यापलेला आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागड या बाजूला गोंड व माडिया लोकांचीं पांच-पन्नास घरांचीं गांवें रानांत विखुरलेलीं आहेत, आणि पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता आजहि बंद पडतो. जिल्हा वेगळा होण्याच्या पूर्वींच, १९७३ मध्यें, बाबा आमटे यांनीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला होता, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें झाडाखालीं रोगी तपासूं लागले होते. १९८६ सालीं डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हें दांपत्य अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन गडचिरोलीस आलें, व त्यांनीं ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. दवाखाना चालविण्याबरोबरच, गांवांतले लोक कशानें आजारी पडतात व कशानें मरतात हें मोजून पाहावयाचें, असा त्यांचा संकल्प होता.

मोजणीचें फळ दुःखद निघालें. पांच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंपैकीं शेंकडा चाळीस मृत्यु न्यूमोनियानें होत होते. हा रोग असा कीं वेळेवर साधें जंतुनाशक औषध पोटांत गेलें तर मूल बहुधा वांचतें. आणि दोन-तीन दिवस वाट पाहिली तर औषधाचा उपयोग राहत नाहीं. म्हणजे खरी गरज औषधाची जेवढी होती तेवढीच वेळेवर ओळखण्याची होती. सर्दी-खोकला प्रत्येक मुलाला वर्षांतून अनेकदां होतो. त्यांतला कोणता खोकला छातींत उतरला आहे, हें शहरांत एक्स-रे सांगतो, आणि स्टेथोस्कोप लावणारा डॉक्टर सांगतो. रानांतल्या गांवांत या दोहोंपैकीं कांहींच नव्हतें.

वाट दाखविली ती पापुआ न्यू गिनी या दुसऱ्या एका अरण्यप्रदेशानें. गोरोका येथें काम करणाऱ्या फ्रँक शॅन या डॉक्टरानें १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं असें दाखविलें कीं, खोकणाऱ्या मुलाचे श्वास मिनिटाला पन्नासाच्या वर गेले तर न्यूमोनिया असण्याचा संभव बराच मोठा असतो. यांत गूढ कांहीं नाहीं. फुप्फुसांतले वायुकोश पुवानें व पाण्यानें भरूं लागले, कीं प्रत्येक श्वासाला मिळणारी हवा अपुरी पडते. शरीर ती उणीव श्वासांची संख्या वाढवून भरून काढूं पाहतें. जागतिक आरोग्य संघटनेनें हीच खूण उचलली. दोन महिन्यांच्या आंतील अर्भकाला साठ, त्यापुढें वर्षापर्यंत पन्नास, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलांसाठीं पुढें चाळीस, अशा सीमा ठरल्या. ज्योतिष्यांच्या स्वस्थ माणसाचे पंधरा श्वास कोठें आणि हे साठ कोठें!

गडचिरोलींत खरी अडचण येथेंच उपस्थित झाली. मूल आजारी पडलें तर आई प्रथम जिच्याकडे धांव घेई ती गांवची दाई. बाळंतपणें तिच्याच हातून झालेलीं, रात्रीं-अपरात्रीं ती हांकेच्या अंतरावर. तेव्हां तिलाच शिकविणें उघड शहाणपणाचें होतें. परंतु यांतल्या बहुतेक दाया निरक्षर होत्या, आणि दहा-बारांच्या पुढें अंक त्यांना येत नव्हते. त्यांच्या व्यवहाराला तेवढे पुरत. त्यापुढचा हिशेब त्या विसांनीं किंवा ढिगांनीं करीत. अशा बाईला ‘मिनिटाला पन्नास’ म्हणजे काय, हें समजवावयाचें कसें? मिनिट तिच्या घरांत नव्हतें, आणि पन्नास तिच्या भाषेंत नव्हते. आरोग्यखात्यांत अशा वेळीं बहुधा असा निर्णय होतो कीं, बाई अशिक्षित आहे, म्हणून काम दुसऱ्याला द्यावें. आणि तो दुसरा वीस मैलांवर राहत असल्यामुळें काम कोणीच करीत नाहीं. ‘सर्च’नें दाईला बदलण्याऐवजीं माप बदललें.

त्यांतून जें साधन निघालें त्याला ‘श्वासगणक’ म्हणतां येईल. एका पाटीवर वाळूचें घड्याळ बसविलेलें. तें उलटें केलें कीं वरची वाळू बरोबर एका मिनिटांत खालीं येते. शेजारीं तारेंत ओंवलेल्या मण्यांच्या दोन ओळी: एक दोन महिन्यांच्या आंतल्या बाळासाठीं, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठीं. दाईनें मुलाच्या अंगावरचें वस्त्र बाजूला करावयाचें, आणि पोट एकदां वर उचललें गेलें कीं एक श्वास धरावयाचा. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा, आणि पुन्हा एकपासून दहापर्यंत. दहापर्यंत तिला मोजतां येतच होतें! लहान बाळाच्या ओळींत सहा मणी, मोठ्याच्या ओळींत पांच. दोन्हींत शेवटचा मणी लाल. वाळू संपण्यापूर्वीं लाल मण्याची पाळी येऊन तो सरकला, तर तो न्यूमोनिया. वाळू आधीं संपली तर साधा खोकला. साठ व पन्नास हे अंक दाईला माहीत असण्याची जरुरीच उरली नाहीं. ते मण्यांत जाऊन बसले होते.

फ्लॉयरच्या घड्याळाप्रमाणेंच या वाळूला तासांशीं काम नव्हतें. मात्र फ्लॉयर घड्याळावरचे कांटे पाही, आणि दाईची नजर सबंध मिनिटभर मुलाच्या पोटावरून हलत नसे. वाळू संपली हें डोळ्याच्या कोंपऱ्यांतून तिला कळे. आंकडे तोंडपाठ असलेल्या, हातांत सेकंदकांट्याचें घड्याळ असलेल्या शिक्षित कार्यकर्त्याची नजर कांट्यावर जाते आणि दोन-चार श्वास सुटतात. पंधरा सेकंद मोजून चारानें गुणण्याची लबाडीहि त्यालाच सुचते. लहान मुलाचा श्वास एकसारखा नसतो. तो कांहीं क्षण भराभर चालतो, मग मंदावतो, नवजात अर्भकांत तर क्षणभर थांबतोहि. त्यामुळें पंधरा सेकंदांत एक श्वास अधिक धरला गेला तर मिनिटाच्या हिशेबांत चार वाढतात. पुरें मिनिट मोजणें हाच याला उतारा आहे, आणि मण्यांच्या पाटीवर दुसरा मार्गच नव्हता. ज्याला अडाणीपणाची सोय म्हणून हिणवावें, तीच येथें अचूकपणाची हमी झाली.

तरीहि या मापाला मर्यादा होत्या, आणि त्या लपविल्या गेल्या नाहींत. मूल रडत असेल, नुकतेंच दूध प्यालें असेल, तापानें तळमळत असेल, तर श्वास वाढतो व मोजणी फसते. व्यायामशाळेंतल्या हलत्या मांडीचीच ही छोटी आवृत्ति. कोपनहेगनमध्यें पाय स्थिर करण्यासाठीं माणसाला खुर्चीवर बसविलें. येथें मूल आईच्या कुशींत निजेपर्यंत थांबावयाचें, एवढाच उपाय होता. दुसरी मर्यादा सीमेवरची. ज्याचे श्वास तीस आहेत किंवा सत्तर आहेत, त्याच्या बाबतींत दोन-तीनांची चूक झाली तरी निर्णय फिरत नाहीं. घोटाळा होतो तो अठ्ठेचाळीस व बावन्न यांच्या दरम्यान. तेथें चूक झालीच तर ती कोणत्या बाजूला व्हावी, हें ठरविणें आवश्यक होतें. साध्या खोकल्याच्या मुलाला कांहीं दिवस को-ट्रायमॉक्साझोल पोटांत गेलें तर औषध वायां जातें, आणि अशा वायां जाण्यानें पुढें जंतु औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. हा धोका कमी लेखण्यासारखा नाहीं. परंतु खरा न्यूमोनिया साधा खोकला म्हणून घरीं राहिला, तर त्या घरांतलें मूल जातें. सीमा त्यामुळें सावधगिरीच्या बाजूला ठेवलेली आहे. हार्वेनें आपल्या आंकड्यांत केलेली व्यवस्था हीच होती.

मण्यांची पाटी हातांत देऊन दाईवर विश्वास ठेवावा काय, हें विश्वासानें ठरविण्याची गोष्ट नव्हे. दाईचा निर्णय डॉक्टरच्या निर्णयाशीं ताडून पाहण्यांत आला, आणि श्वासगणकाची ही हकीकत १९९२ मध्यें भारतीय बालरोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्याच्याहि आधीं खरी कसोटी गांवांत लागली होती. ५८ गांवांतील ६,१७६ मुलांसाठीं दाया, खेड्यांतले आरोग्यसेवक आणि संस्थेचे कार्यकर्ते यांना न्यूमोनिया ओळखावयास व औषध द्यावयास शिकविलें. ४४ गांवांत, जेथें ३,९४७ मुलें होतीं, नेहमींचीच सरकारी व्यवस्था चालूं राहिली. एका वर्षांत पहिल्या भागांत न्यूमोनियाच्या ६१२ रोग्यांवर उपचार झाले, आणि त्यांतले शंभरांत एकहि पुरा दगावला नाहीं, प्रमाण ०.८ टक्के पडलें. दुसऱ्या भागांत तें १३.५ टक्के होतें. न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु हजारीं ८.१ आणि १७.५ असे राहिले. सर्व कारणांनीं होणारे २८.५ आणि ४०.७. इतर रोगांनीं होणारे मृत्यु दोन्हींकडे सारखेच होते, आणि तज्ज्ञांच्या दृष्टीनें हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. कारण फरक पडला तो न्यूमोनियापुरताच, म्हणजे दायांच्या कामामुळेंच, हें त्यावरून उघड झालें. १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकानें हा वृत्तांत छापला. वाळू, तार आणि मणी यांवर उभारलेलें काम त्या पानांवर क्वचितच आलें असेल.

नवजात अर्भकांनीं मात्र या मापाला चकविलें. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत रोग छातींत आहे कीं रक्तांत, हें वेगळें करणें कठीण असतें. आणि फार आजारी अर्भक धापा टाकण्याऐवजीं कित्येकदां मलूल होऊन पडतें. दूध सोडतें, रडणें बारीक होतें, अंग थंड पडतें. केवळ श्वास मोजणारा मनुष्य अशा वेळीं फसतो. म्हणून पुढच्या प्रयोगांत श्वासाच्या जोडीला अंगाचें तापमान, वजन, दूध ओढण्याची शक्ति अशीं अनेक लक्षणें एकत्र पाहण्याची रीति बसविण्यांत आली. १९९५ ते १९९८ या काळांत ३९ गांवांत ‘आरोग्यदूत’ म्हणून गांवच्याच थोडें शिकलेल्या स्त्रिया नेमल्या. थर्मामीटर, वजनाचा कांटा आणि औषधें घेऊन त्या बाळंतिणीच्या घरीं जात. जरूर तेव्हां जंतुनाशक औषधाचें इंजेक्शनहि देत, आणि या गोष्टीवर त्या वेळीं डॉक्टरमंडळींत पुष्कळ नाकें मुरडलीं गेलीं. या गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण हजारीं ६२ वरून तिसऱ्या वर्षीं सुमारें २६ वर आलें. तुलनेसाठीं घेतलेल्या ४७ गांवांत तें साठाच्या आसपासच राहिलें. २०११ पासून भारत सरकारनें ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत घरोघरीं नवजात बालकांची काळजी घेण्याची योजना देशभर सुरू केली, तिचें मूळ या ३९ गांवांत आहे.

ध्वनीचें यंत्र गडचिरोलीला अगदींच परकें राहिलें असें नाहीं. गांवोगांवच्या दवाखान्यांत आज सोनोग्राफी आली आहे. परंतु त्या यंत्रावर कायद्याचा पहारा आहे, आणि तो पहारा प्रथम बसविला तो महाराष्ट्रानेंच. गर्भलिंग पाहून मुली पोटांतच मारल्या जाऊं लागल्या, तेव्हां १९८८ सालीं या राज्यानें देशांतला पहिला प्रतिबंधक कायदा केला. १९९४ मध्यें केंद्राचा कायदा झाला, व २००३ मध्यें तो अधिक कडक करण्यांत आला. सोनोग्राफीचें यंत्र नोंदणी केल्याशिवाय कोणाला बाळगतां येत नाहीं. मग तें हृदय पाहण्यास असो वा मांडीची धमनी. त्यामुळें तें खांद्याला अडकवून रानांत जाणें सोपें राहिलें नाहीं. मापाचा दुरुपयोग मापणाऱ्याच्या हातून कसा होतो, याचें याहून कडू उदाहरण महाराष्ट्राला दूर शोधावें लागत नाहीं.

मण्यांच्या पाटीवर असा कोणताहि पहारा बसविण्याची वेळ आली नाहीं. औषधें पुढें बदललीं. को-ट्रायमॉक्साझोलच्या जागीं अमॉक्सिसिलिन आलें, आणि छाती आंत ओढली जात असलेल्या मुलांपैकीं पुष्कळांना घरींच तें द्यावें, असा २०१४ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनें सल्ला दिला. बोटाला चिमटा लावून रक्तांतील प्राणवायु सांगणारीं उपकरणेंहि आतां खेड्यांत पोंचूं लागलीं आहेत. श्वासांच्या सीमा मात्र त्याच आहेत: साठ, पन्नास आणि चाळीस. आणि शिकविण्याच्या वेळीं कार्यकर्तीला पहिली सूचना जी दिली जाते तीहि तीच आहे. मूल आईच्या मांडीवर शांत होऊं द्यावें, त्याच्या पोटावरचें पांघरूण दूर करावें, सबंध एक मिनिट मोजावें. आणि मध्येंच तें रडूं लागलें तर झालेली मोजणी सोडून द्यावी, तें पुन्हा निवांत होईपर्यंत बसून राहावें, व पहिल्या श्वासापासून पुन्हा आरंभ करावा.